पेला आणि गाडगे

आश्विनाचा कृष्णपक्ष लागला की वऱ्हाडच्या काळ्या भूमीला निराळीच कळा येते. कपाशीची बोंडे उमलू लागतात, ज्वारीची कणसे दाण्यांनी जड होतात, घरोघरी भिंती पोतारल्या जातात, अंगणे सारवली जातात, आणि दीपावलीच्या पणत्या उजळण्यापूर्वीच आमच्या या प्रांतात एक वेगळा दीप तेवू लागतो. तो दीप गुरुकुंज मोझरीचा. आश्विन वद्य पंचमीस राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी येते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांनी देह ठेवला. त्याच घटकेला दरवर्षी त्या विशाल प्रांगणात जमलेला अथांग जनसमुदाय श्वास रोखून उभा राहतो. ना घोष, ना घंटा, ना टाळ. त्या मौनानंतर सर्व धर्मांच्या प्रार्थना म्हटल्या जातात. त्यांत येशू ख्रिस्ताच्या भक्तांची प्रार्थनाही असते, आणि भगव्या टोप्या घातलेले आमचे गुरुदेवभक्त ती तितक्याच आदराने ऐकतात.

याच सुमारास, ३१ ऑक्टोबर रोजी, येथून हजारो कोस दूर जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांच्या धर्मसुधारणेचा स्मरणदिन पाळला जातो. देवळाच्या घंटा वाजतात, मातृभाषेतील स्तोत्रे एकसुरात गायिली जातात, प्रवचन होते. आणि वर्षातून जेव्हा जेव्हा मंडळीचा मेळावा भरतो, तेव्हा उपासना आटोपल्यावर त्याच अंगणात लाकडी बाके मांडून आबालवृद्ध एकत्र जेवतात व मोठी माणसे त्या गावच्या भट्टीत तयार झालेल्या बिअरचा पेला समोर ठेवून बोलत बसतात. अमेरिकेतील काही ल्यूथरपंथीय मंडळ्यांत तर अलीकडे 'बिअर अँड हिम्स' या नावाने स्तोत्रगायनाच्या बैठकीच भरतात. पेला हाती आणि स्तोत्र ओठी!

अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांतील मुलेमुली आज शिक्षणासाठी व चाकरीसाठी जर्मनीत किंवा अमेरिकेत आहेत. सहाध्याय्यांच्या निमंत्रणावरून ती अशा मेळाव्यांस जातात आणि घरी कळवितात. मग देवघरासमोर बसलेल्या आजीच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो: "देवाच्या दारी दारू? ही कसली भक्ती?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही आणि रागावून झटकण्याजोगाही नाही. सणाच्या निमित्ताने त्याचा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते. कारण त्याच्या पोटी केवळ परक्यांच्या रीतीचा नव्हे, तर आपल्याही घराचा प्रश्न दडलेला आहे.

आपल्या शेजारचे ख्रिस्ती

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ख्रिस्ती म्हटला म्हणजे तो मद्याचा सोयरा, अशी आपल्याकडे एक ढोबळ समजूत आहे. वऱ्हाडचा इतिहास या समजुतीला आधार देत नाही. अकोला, अमरावती, खामगाव या भागांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या अमेरिकन संस्थेचे कार्य झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत जी मुले उघड्यावर पडली, त्यांतील अनेकांना या मंडळींनी आसरा दिला. धर्मप्रसाराच्या त्यांच्या हेतूविषयी कोणाचे काहीही मत असो, परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे की ही परंपरा मद्यवर्जनाची होती. अशा परंपरांतील मंडळ्यांत 'प्रभुभोजन' या त्यांच्या पवित्र विधीतही द्राक्षांचे मद्य न घेता सामान्यतः न आंबवलेला द्राक्षरस घेतात. हा रस न आंबता टिकवून ठेवण्याची युक्ती १८६९ साली अमेरिकेतील थॉमस वेल्च नावाच्या एका दंतवैद्याने काढली. ते मेथॉडिस्ट पंथाचे होते. देवाच्या वेदीवर मद्य नको, हीच त्यामागील तळमळ होती.

ल्यूथर यांच्या नावाचा पंथही आपल्यापासून फार दूर नाही. अमरावती जिल्ह्याची उत्तर सीमा ओलांडली की बैतुल आणि छिंदवाडा हा मध्य प्रदेशाचा मुलूख लागतो. तेथे स्वीडन देशातील ल्यूथरपंथीय मिशनने १८७७ पासून सुरू केलेल्या कार्यातून उभी राहिलेली मंडळी आजही आहे. छिंदवाडा हे तिचे मुख्य ठाणे. हिंदुस्थानात या पंथाचे पहिले पाऊल त्याहून पुष्कळ आधी, १७०६ साली, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे पडले होते. झीगेनबाल्ग नामक जर्मन धर्मोपदेशकाने तेथे तमिळ भाषा आत्मसात करून बायबलचा नवा करार तमिळमध्ये उतरविला.

आणि मराठी ख्रिस्ती भक्तीचे नाव निघताच रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्मरण होणारच. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. धर्म बदलला, पण टाळ-मृदंग सुटले नाहीत. अभंग, ओवी, कीर्तन या आपल्या संतांनी घडविलेल्या पात्रांतच त्यांनी आपली नवी भक्ती ओतली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्या घरांत वाचली गेली आहेत, त्या घरांना हे निराळे सांगावयास नको.

मठातील संन्यासी ते गृहस्थ

आता मूळ पुरुषाकडे वळू. मार्टिन ल्यूथर यांचा जन्म १४८३ सालचा. तारुण्यात त्यांनी संन्यास घेतला, मठात राहून कठोर उपासतापास केले, पुढे विटेनबर्ग येथील विद्यापीठात ते धर्मशास्त्राचे अध्यापक झाले. त्या काळी पापमुक्तीची पत्रे पैसे घेऊन विकली जात. देवाची कृपा बाजारात तोलून मिळत नसते, असे ठामपणे सांगत १५१७ सालच्या ३१ ऑक्टोबरला त्यांनी आपली ९५ विधाने विद्वानांपुढे मांडली आणि युरोपचे धर्मजीवन ढवळून निघाले. १५२१ साली वर्म्स येथे सम्राटासमोर उभे राहूनही त्यांनी आपले शब्द मागे घेतले नाहीत.

आमच्या वाचकांस त्यांच्या कार्यातील एक गोष्ट विशेष ओळखीची वाटेल. देवाचे वचन पंडितांच्या लॅटिन भाषेतून सोडवून त्यांनी ते शेतकऱ्याच्या, विणकराच्या, स्वयंपाकघरातील स्त्रीच्या जर्मन भाषेत आणले. नवा करार १५२२ मध्ये आणि संपूर्ण बायबल १५३४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास इकडे गोदातीरी पैठणास नाथमहाराजांचा जन्म झाला होता. त्याच नाथांनी पुढे १५७३ साली काशीक्षेत्री एकादशस्कंधावरील आपली मराठी टीका पूर्ण केली आणि प्राकृतात ज्ञान सांगितल्याबद्दलचा विद्वानांचा रोष पचविला. दोघांची भेट नाही, दोघांना परस्परांचे नावही ठाऊक नसणार, पण तहान एकच होती. ल्यूथर स्वतः ल्यूट हे तंतुवाद्य वाजवीत, पदे रचीत. १५२४ साली त्यांच्या पंथाचे पहिले स्तोत्रपुस्तक निघाले त्यात अवघी आठ पदे होती. पैकी चार त्यांची स्वतःची. देवळात केवळ पुरोहिताने म्हणावयाचे आणि भक्तांनी ऐकावयाचे, ही रीत मोडून सर्वांनी मिळून गाण्याची प्रथा त्यांनी रुजविली. खंजिरीच्या तालावर गावेच्या गावे एका सुरात गाती करणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या प्रांतात हे महत्त्व कोणास पटणार नाही?

या पुरुषाच्या अंगी दोष नव्हते असे मात्र नव्हे. ज्यू लोकांविषयी १५४३ साली त्यांनी जे अत्यंत कठोर लेखन केले, त्याचा त्यांच्याच पंथाच्या मंडळ्यांनी विसाव्या शतकात जाहीर धिक्कार केला. थोरांचे थोरपण घ्यावे आणि उणेपण उघड्या डोळ्यांनी पाहावे, हीच सत्यनिष्ठांची रीत होय.

काटारिनाबाईंची भट्टी

बिअरचा संबंध येतो तो येथे. १३ जून १५२५ रोजी ल्यूथर यांनी काटारिना फॉन बोरा या पूर्वाश्रमीच्या जोगिणीशी विवाह केला. ज्या मठात ते संन्यासी म्हणून राहिले होते, तोच मठ आता त्यांचे घर झाला. विद्यार्थी, पाहुणे, आश्रित, अनाथ आप्तमुले असा मोठा गोतावळा त्या घरी जेवत असे. काटारिनाबाई शेत पाहत, गुरे राखीत, बाग फुलवीत आणि घरच्यासाठी बिअरही घरीच गाळीत. पंक्तीत बसलेल्या ल्यूथर यांचे बोलणे विद्यार्थी टिपून घेत; त्या टिपणांचा मोठा ग्रंथ १५६६ साली निघाला.

बिअर म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. जवाला पाण्यात भिजवून मोड आणतात, ते वाळवून भरडतात, ऊन पाण्यात त्याची गोडी उतरवितात, हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळतात आणि निवल्यावर किण्व घालून आंबवितात. १५१६ साली बव्हेरियाच्या राजसत्तेने नियमच केला होता की बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी याखेरीज काही घालू नये. त्या थंड मुलखात हे धान्याचे पेय रोजच्या आहाराचा भाग होते. रोजचे पेय तर बहुधा फार सौम्य असे. ते वेदीवरचे तीर्थ नव्हते, हे ध्यानी घ्यावे. ल्यूथरपंथीयांच्या पवित्र विधीत भाकर आणि द्राक्षमद्य असते, बिअर नव्हे. बिअर ही उपासनेनंतरच्या पंगतीतील वस्तू.

ल्यूथर यांच्या पेल्याचा एक प्रसंग मात्र खरोखर मनन करण्याजोगा आहे. ते १५२१-२२ मध्ये वार्टबुर्गच्या किल्ल्यात अज्ञातवासात असताना इकडे विटेनबर्गमध्ये त्यांच्याच काही अनुयायांनी सुधारणेच्या आवेशात देवळांतील मूर्ती व चित्रे फोडण्यास आरंभ केला. ल्यूथर तातडीने परतले आणि मार्च १५२२ मध्ये सलग आठ दिवस त्यांनी प्रवचने दिली. त्यांचे सांगणे थोडक्यात असे होते: मी कोणावर बळजबरी केली नाही, मी केवळ वचन सांगितले, आणि मी झोपलो असताना किंवा मित्रांसमवेत विटेनबर्गची बिअर पीत बसलो असताना त्या वचनानेच आपले काम केले. लोक सूर्यचंद्रांची पूजा करतात म्हणून का आपण त्यांना आकाशातून ओढून काढणार, असेही त्यांनी विचारले. मूर्तिपूजा त्यांना मान्य नव्हती. तथापि मूर्तीवर हातोडा घालणारा हात त्यांनी रोखला. त्या पेल्याचा उल्लेख उन्मादाचा नव्हे, निश्चिंततेचा आहे. फळाची चिंता देवावर सोपवून स्वस्थ बसणाऱ्याचा तो उद्गार आहे.

आणि मद्यपी माणसाविषयी ते काय म्हणत? प्रत्येक देशाला त्याचा त्याचा एक सैतान असतो आणि आमच्या जर्मनीचा सैतान म्हणजे हे बेसुमार ढोसणे, असे त्यांनी खेदाने लिहून ठेवले आहे. १५३९ साली त्यांनी संयमाविषयी एक संपूर्ण प्रवचन देऊन दारूबाजांची कडक हजेरी घेतली. म्हणजे ज्यांच्या पेल्याचे आज कौतुक होते, त्यांनीच त्या पेल्याच्या काठावर मर्यादेची रेघ ओढली होती.

आपल्या ग्रंथांतील दोन बाजू

परक्याच्या घराकडे बोट दाखविण्यापूर्वी आपले ग्रंथ उघडून पाहिले पाहिजेत. वैदिक यज्ञांत सौत्रामणी नामक यागात सुरेची आहुती आहे. देवीमाहात्म्यात महिषासुराच्या वधापूर्वी जगदंबा मधुपान करते, हे नवरात्रात पाठ करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. उज्जैनीच्या कालभैरवास आजही मद्याचा नैवेद्य दाखविला जातो. दुसऱ्या बाजूस मनुस्मृतीने सुरापान हे महापातकांत गणले. महाभारताच्या आदिपर्वातील कचदेवयानीची कथा सर्वश्रुत आहे. असुरांनी कचाची राख मद्यात मिसळून ती शुक्राचार्यांस पाजली. एवढे ज्ञानी, संजीवनी विद्येचे स्वामी. पण मद्याच्या भरात आपण आपल्याच शिष्यास पीत आहोत, हे त्यांस उमगले नाही. शुद्धीवर येताच त्यांनी ब्राह्मणांसाठी मद्यपानाच्या निषेधाची मर्यादा घातली.

याहूनही दारुण कथा मौसलपर्वातील. युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी द्वारकेत अपशकुन होऊ लागले, तेव्हा नगरात कोणी मद्य गाळू नये अशी दवंडी पिटविण्यात आली. तरीही प्रभासतीर्थी, यात्रेच्या निमित्ताने, यादव प्याले. बोलाचाली झाली, जुनी उणीदुणी निघाली, हाती आलेल्या लव्हाळ्यांची मुसळे झाली आणि साक्षात भगवंताचे कुळ त्याच्या डोळ्यांदेखत नष्ट झाले. हे सारे तीर्थक्षेत्री घडले, देवाच्या सान्निध्यात घडले, हे विसरू नये. दवंडी होती, देव होता, तीर्थ होते. नव्हता तो फक्त माणसाचा आपल्या हातावरचा ताबा.

मोहाचे झाड आणि महालक्ष्मीची आंबील

आमच्याच अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस मेळघाटच्या डोंगरांत कोरकू बांधव राहतात. चैत्राच्या आगेमागे मोहाची फुले पहाटे टपटप गळतात आणि बायामुले ती टोपल्यांत वेचतात. त्याच फुलांची भाकरी होते, लाडू होतात, ती वाळवून अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवतात आणि त्यांचीच दारूही गाळतात. देवाच्या व पूर्वजांच्या नावाने तिची धार सोडल्याशिवाय पंगत सुरू होत नाही. त्यांच्या दृष्टीने ते झाडाचे देणे आहे आणि देण्यातील पहिला वाटा देवाचा. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ साली याच मोहाच्या मद्यास 'हेरिटेज' म्हणून सरकारी मान्यता दिली. विटेनबर्गची बिअर आणि मेळघाटचा मोह यांत भूगोलाचे अंतर आहे, भावनेचे फारसे नाही.

आणि आपण, मद्यास न शिवणारी घरे? भाद्रपदात वऱ्हाडातील घराघरांत महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, आणि त्यांसोबत ज्वारीच्या पिठाची आंबील. आंबील नसेल तर नैवेद्य अपुरा. धान्य, पाणी आणि आंबटपणा यांची ही जोड म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी साधलेली कला होय. तिच्यात नशा नाही, गुण आहे. धान्य आंबवून देवापुढे ठेवणे आपल्यालाही परके नाही. आपण फक्त एका ठिकाणी थांबलो. कोठे थांबावयाचे, हे ज्याला कळले त्याला धर्म कळला, असे म्हणावयास हरकत नाही.

शेगावीच्या श्रीगजानन महाराजांच्या चिलमीची कथा वऱ्हाडात लहान मुलांनाही माहीत आहे. जानकीराम सोनाराने विस्तव नाकारला आणि महाराजांची चिलीम विस्तवावाचून पेटली. ही कथा भक्तिभावाने सांगणाऱ्या घरांत कोणी मुलाच्या हाती चिलीम देत नाही. कारण सिद्धपुरुषाची चिलीम उचलावयाची नसते, त्याचा निर्लेपपणा उचलावयाचा असतो. ल्यूथर यांच्या पेल्यासही हाच न्याय लावला पाहिजे.

गाडग्यातील अमृत

परंतु हा सारा विचार ज्या एका माणसापाशी येऊन थांबतो, तो माणूस आपल्याच मातीतला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले. पोर वयात पोरके झालेले डेबूजी आई सखूबाईंसह मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी वाढले. दारू काय करते, हे त्यांना कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही.

पुढे डेबूजींना मुलगी झाली. बारशाला जातीची पंगत, आणि पंगतीला मटण व दारू हा शिरस्ता. तो मोडणे म्हणजे भाऊबंदांचा रोष ओढवून घेणे. डेबूजींनी गोडाधोडाचे जेवण वाढले. मंडळी नाराज झाली. ते हटले नाहीत. वाचकहो, ते तेव्हा कोणी महाराज नव्हते. एक साधा शेतकरी गृहस्थ होते. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले आणि डोक्यावर गाडग्याचे खापर, हाती खराटा घेऊन ते गावोगाव फिरले. ज्या गाडग्यांत अनेक घरी मोहाची किंवा गुळाची दारू शिजत असे, तसलेच मातीचे गाडगे. बाबांनी त्यात भाकरी घेतली, पाणी घेतले आणि त्याच गाडग्यावरून त्यांचे नाव पडले. रात्री कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारीत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर वदवीत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, दारूला शिवू नका. ऋणमोचनचा घाट, पंढरपूर-नाशिकच्या धर्मशाळा, मूर्तिजापूरचे गोरक्षण ही त्यांच्या कीर्तनाची दगडमातीत उतरलेली पदे होत. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ प्रवासातच त्यांनी देह ठेवला. अमरावतीस त्यांची समाधी आहे. आणि नवलाची गोष्ट अशी की बाबांनीही ल्यूथर यांच्याप्रमाणे कोणावर बळजबरी केली नाही. वचनच काम करील, हा विश्वास दोघांचाही.

कायद्याने किती, घराने किती?

मद्यनिषेधाचे प्रयत्न राज्याचे धोरण म्हणून व्हावेत, असे आपल्या राज्यघटनेचे ४७ वे कलम सांगते. अमरावतीच्या पूर्वेस वर्धा नदी ओलांडली की गांधी-विनोबांच्या वास्तव्याने पावन झालेल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडवी बाटली' या चिन्हावर शिक्का मारला तर गावचे दारूचे दुकान बंद होते, ही महाराष्ट्रातील तरतूद अनेक गावच्या आयाबहिणींनी हिमतीने वापरली आहे. तरीही कायद्याची भिंत उंच असली तरी चोरवाटा असतातच, हा अनुभव सर्वांचा आहे.

खरी भिंत घराची. आणि येथेच आपण स्वतःला विचारले पाहिजे: विसर्जनाच्या मिरवणुकीत, जयंतीच्या जल्लोषात, लग्नाच्या वरातीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच्या पत्त्यांच्या डावात जी बाटली फिरते, ती कोणत्या देवाची? ल्यूथरपंथीयांच्या अंगणात पेला उजेडात, बायकामुलांसमक्ष, जेवणाच्या ताटाशेजारी असतो. आमच्याकडे तो मंडपाच्या मागे, अंधारात, रिकाम्या पोटी असतो. तेथे गाणे झाल्यावर पेला येतो. येथे पेला झाल्यावर गाणे येते, आणि ते गाणे देवाचे नसते. कपाशीचा पहिला पैसा हाती येतो तो याच दिवसांत. तो घरी येण्यापूर्वी वाटेतल्या गुत्त्यात किती उतरतो, हे ज्या माउलीला दिवाळीच्या फराळासाठी तेल उधार आणावे लागते तिला विचारावे. तिच्यापुढे जर्मनीतील बिअरची चर्चा करण्यात अर्थ नाही. तिचा सैतान परदेशात नाही, उंबरठ्यात आहे.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

मग त्या आजीस काय सांगावे? आम्ही असे सांगू की, आजी, नातवाला त्या मेळाव्यास जाऊ द्यावे. दुसऱ्याच्या देवळात गेल्याने आपला देव रुसत नाही. मोझरीच्या मौनात आपण हेच शिकलो. तेथे त्याने आदराने बसावे, त्यांची स्तोत्रे ऐकावी, जमल्यास सुरात सूर मिळवावा. पेला पुढे आला तर हात जोडून नम्रपणे नको म्हणावे. त्या पंक्तीत सफरचंदाचा रस आणि साधे पाणी पिणारेही असतात, आणि तेवढ्याने कोणाचा अपमान होत नाही. पिणाऱ्याकडे तुच्छतेने पाहू नये, कारण पेल्याने भक्ती होत नाही तशी केवळ पेला नाकारल्यानेही होत नाही. व्रताचा अहंकार हीही एक नशाच आहे, आणि तिचा उतारा सापडणे अधिक कठीण.

पण त्याबरोबरच त्याला डेबूजींच्या लेकीच्या बारशाची गोष्टही सांगावी. आपण न घेण्याचे कारण हे नव्हे की ते लोक वाईट आहेत. कारण हे की या मातीत त्या पेल्याने झिंगराजींसारखे कितीतरी बाप गिळले, कितीतरी सखूबाई पोरांना घेऊन माहेरी परतल्या. ज्या घराने ती किंमत मोजली, त्या घराने गाडग्यात भाकरी ठेवणे पसंत केले. ही आपल्या पूर्वजांनी दुःखातून काढलेली मर्यादा आहे. ल्यूथर यांनी आपल्या देशाचा सैतान ओळखला, आपण आपल्या गावचा ओळखावा.

यंदाच्या दीपावलीत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर कुबेर, केरसुणी, लाह्याबत्तासे यांच्यासोबत पाण्याने भरलेले एक साधे मातीचे गाडगेही मांडावे, आणि घरातील कर्त्या पुरुषाने त्यास हात लावून या घरचा सण शुद्धीत साजरा होईल एवढाच संकल्प सोडावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. सर्व घरांतील दिवे निर्वात जागी स्थिर तेवोत, आणि त्यांच्या उजेडात घरी परतणारी प्रत्येक पावले स्थिर असोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.